बिनस्वारीचे रिसालदार

अप्पाकाकांकडे घोडा आहे. घोड्याच्या पाठीला मापून घेतलेलं खोगीर आहे, रिकिबी आहेत, लगाम आहे. काकांच्या पायात दिमाखात चढणारे आणि उतरवताना काकूंना ओढावे लागणारे उंच बूट आहेत. घोड्यावर चढण्यासाठी तीन पायऱ्यांचा लाकडी चौथरा आहे. काकांची हयात पुलांचे आराखडे काढण्यात गेली, त्यामुळे त्या चौथऱ्यावर हत्ती उभा केला तरी तो कुरकुरणार नाही. या चौथऱ्यावर काका अनेकदा चढलेत. वर उभं राहून त्यांनी घोड्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलंय. मग उतरलेत.

रेनोच्या आसपासच्या मूठभर मराठी घरांचं जे आमचं मंडळ आहे, त्यात काकांना पाठीमागे 'रिसालदार' म्हणतात. समोर फक्त विचारतात, "काय अप्पाकाका, बसलात की नाही अजून?" काका मुळीच दुखावले जात नाहीत. "पाया चाललाय," म्हणतात. "पाया झाल्याशिवाय वरचं बांधकाम मी आयुष्यात केलं नाही."

पाया म्हणजे ग्राउंडवर्क. घोड्यावर बसण्याआधी जमिनीवर उभं राहून त्याच्याशी जो काही व्यवहार करायचा तो सगळा. दोर धरून चालवणं, थांबवणं, चार पावलं मागे सरकवणं, मागचा भाग बाजूला घ्यायला लावणं, एकेक पाय उचलून हातात घेणं, पाठीवर कापड टाकणं, कापड काढणं. जंगली घोड्याच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही, कारण माणूस म्हणजे आपल्याला खायला आलेलं काहीतरी, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ती समजूत घालवायला वेळ लागतो. पण घोडेवाल्यांच्या जगात एक जमात असते, ती या पायातच बिऱ्हाड करते. पुस्तकं, चित्रफिती, शिबिरं, खास गाठींचे दोर, खास लांबीच्या काठ्या. अमेरिकेत ही जमात चांगली मोठी आहे आणि दोरवाल्यांची, काठीवाल्यांची दुकानं तिच्याच जिवावर चालतात. सदाशिव पेठेतून त्या जमातीत गेलेले अप्पाकाका बहुधा एकटेच.

तसा काकांच्या घराण्याचा घोड्याशी संबंध टांग्यापुरता. तोही पाऊस असला आणि बरोबर पाहुणे असले तर. पण अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झाली की माणसाच्या पूर्वजांना बढती मिळत जाते. काका भाषणात "आपण अटकेपर्यंत घोडे नेलेली माणसं" म्हणतात तेव्हा त्यांची मान आपोआप ताठ होते. काकू एकदा मागच्या रांगेतून हळूच म्हणाल्या होत्या, "यांच्या पणजोबांनी फार तर घोड्यांच्या चंदीचा हिशोब लिहिला असेल." हिशोब मात्र चोख असणार, याबद्दल मला शंका नाही.

निवृत्तीनंतर काकांनी बे एरियातलं घर विकलं आणि नेवाडात गार्डनरव्हिलजवळ दोन एकरांचा तुकडा घेतला. पश्चिमेला सिएरा नेवाडाच्या बर्फाळ रांगा, पूर्वेला पाइन नट डोंगर. त्या डोंगरांतून जंगली घोड्यांचे छोटे छोटे कळप खाली खोऱ्याच्या काठापर्यंत येतात. एका सकाळी पाच-सहा घोडे काकूंच्या मेथीच्या वाफ्याशी उभे होते. काकू काठी घेऊन धावल्या. काका चष्मा घेऊन धावले. त्या दिवसापासून पूल संपले आणि घोडे सुरू झाले.

काकांनी विषय मुळापासून घेतला. मुळापासून म्हणजे अगदी प्लिस्टोसीनपासून. घोडा हा प्राणी उत्क्रांत झाला तो उत्तर अमेरिकेतच. मग सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो इथून नाहीसा झाला आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात पुन्हा इथे उतरला. पळालेले, सोडून दिलेले, हरवलेले असे घोडे माळांवर वाढत गेले. आजचे मस्टँग त्यांचेच वंशज, मागाहून पळालेल्या इतर घोड्यांची भर पडलेले. मग हा प्राणी इथला मूळ रहिवासी म्हणायचा की उपरा, यावर इथले शास्त्रज्ञ, गुराखी आणि वकील अजून भांडतात. काकांना हे फार जवळचं वाटलं. "मूळचा इथला, पिढ्यान्‌पिढ्या परदेशी राहिला, परत आला तर कागदपत्रांचा घोळ. याचं दुःख आपल्याइतकं कोणाला कळणार?" आपल्या बाबतीत दिशा उलटी आहे, हे मी दाखवून दिलं नाही. काकांच्या ओघात मध्ये बोलायचं नसतं.

वेल्मा जॉन्स्टनचं नाव मी काकांकडूनच पहिल्यांदा ऐकलं. रेनोतल्या एका विमा कचेरीत सेक्रेटरी म्हणून काम करणारी ही बाई. १९५० साली कामावर जाताना तिला एक ट्रक दिसला, त्यातून रक्त गळत होतं. आत पकडून आणलेले जंगली घोडे कोंबलेले होते, कुत्र्यामांजरांचं खाद्य बनवण्यासाठी निघालेले. त्या काळी विमानांनी पाठलाग करून आणि ट्रक लावून घोडे धरत असत. बाईंनी उरलेलं आयुष्य या एकाच गोष्टीला दिलं. १९५९ साली मोटारी आणि विमानं वापरून शिकार करण्यावर बंदी आली. मग शाळकरी पोरांनी वॉशिंग्टनला पत्रांचा पाऊस पाडला आणि डिसेंबर १९७१ मध्ये जंगली घोड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. विरोधक बाईंना चिडवायला 'वाइल्ड हॉर्स ॲनी' म्हणत, तेच नाव तिने मिरवलं. काकांच्या देवघरात तिचा फोटो नाही, कारण देवघर काकूंच्या ताब्यात आहे. फोटो गॅरेजमध्ये आहे.

कायदा झाला, घोडे वाढले. सरकारच्या हिशोबाने या माळरानांवर सुमारे २६ हजार घोडे-गाढवं राहू शकतात. असतात सत्तर हजारांवर. म्हणून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं दरवर्षी काही घोडे गोळा करतं आणि लोकांना दत्तक देतं. त्यासाठीचं एक मोठं केंद्र रेनोच्या उत्तरेला पालोमिनो व्हॅलीत आहे. माणसाचा हात न लागलेला घोडा सव्वाशे डॉलरपासून मिळतो. "सव्वाशे डॉलर!" काका म्हणाले. "एवढ्यात इथे दोन माणसांचं जेवण होत नाही." मग कुंपण आलं. हात न लागलेल्या मोठ्या घोड्यासाठी ते सहा फूट उंच लागतं, असा नियम. काकांनी साडेसहा केलं. वरचं अर्धं फूट फॅक्टर ऑफ सेफ्टी. शिवाय निवारा, पाण्याचं टाकं, गवताच्या गंजीची शेड, ट्रेलर. सव्वाशे डॉलरचा घोडा कितीला पडला, हा आकडा काकांनी काकूंपासून लपवलाय आणि काकूंनी तो आपल्याला ठाऊक असल्याचं काकांपासून.

घोडा आला तो तपकिरी अंगाचा, काळ्या आयाळीचा. आपल्याकडे ज्याला कुमैत म्हणतात तो. कपाळावर पांढरा ठिपका, मानेच्या डाव्या बाजूला पांढऱ्या खुणांची ओळ. अतिथंड केलेल्या शिक्क्याने ही खूण करतात. तिथले केस पांढरे उगवतात आणि त्यात जन्मसाल आणि नोंदणी क्रमांक कोरलेला असतो. काकांनी तिला ताबडतोब ग्रीनकार्ड म्हटलं. वर्षभर नीट सांभाळला तरच सरकार घोडा तुमच्या नावावर करतं, तोवर तो सरकारी मालमत्ता. "म्हणजे नागरिकत्व एका वर्षात," काका हळहळले. "आम्हाला किती वर्षं लागली!"

नावासाठी काकांनी इतिहास चाळून एक यादी केली होती. ट्रेलरचं दार उघडण्याआधी घोड्याने त्यावर आतून अशी लाथ मारली की काकू म्हणाल्या, "काय गुंड्या आहे मेला!" यादी अजून गॅरेजमध्ये वेल्मा जॉन्स्टनच्या फोटोखाली टाचलेली आहे. घोडा 'गुंड्या' या नावाला ओ देतो, कारण गवत घालताना काकू तीच हाक मारतात.

सुरुवातीला काका गोठाणाच्या मधोमध पालथ्या बादलीवर बसत. काहीच करायचं नाही, हीच पहिली पायरी. घोडा पलीकडच्या कोपऱ्यात, कान मागे, नाकपुड्या फुललेल्या. आपल्या आवाजाची सवय व्हावी म्हणून मोठ्याने वाचायचं, असं काकांच्या पुस्तकात होतं. काकांच्या हाताशी मंडळाच्या नव्या घटनेचा मसुदा होता. रोज संध्याकाळी गुंड्याला ते कलमांमागून कलमं ऐकवू लागले. निवडणूक अधिकाऱ्याच्या नेमणुकीपर्यंत पोचल्यावर एके दिवशी त्याची मान खाली आली, खालचा ओठ लोंबला, मागचा एक पाय टेकवलेला राहिला. काकांनी वहीत लिहिलं: 'विश्वास'. काकू खिडकीतून म्हणाल्या, "झोपलाय तो." सर्वसाधारण सभेत मी जे पाहिलंय, त्यावरून काकूंचं बरोबर असावं.

मग जवळ जाणं. हा प्रकार पाहण्यासारखा. घोड्याला डोक्याच्या दोन्ही बाजूंना डोळे. जवळजवळ सगळं वर्तुळ त्याला दिसतं, फक्त कपाळापुढचा छोटा पट्टा आणि शेपटीमागचा भाग सोडून. म्हणून समोरून सरळ चालून जायचं नाही, मागून तर नाहीच. खांद्याच्या रोखाने, तिरकं, आपले खांदे पाडून, नजर न रोखता. त्याला जेवढं सोसवेल तेवढं जवळ जायचं आणि तो घाबरण्याच्या आधी आपणच मागे फिरायचं. तो शिकतो ते आपण जवळ गेल्यामुळे नाही, मागे फिरल्यामुळे. दाब देतो तो कोणीही देतो. दाब नेमका कधी सोडायचा, यात सगळी विद्या आहे. काकांना हे तत्त्व इतकं पटलं की मागे फिरण्याच्या भागात ते लवकरच पारंगत झाले.

शेजारी एक म्हातारा रांचवाला राहतो. उभं आयुष्य गुरांमागे घोड्यावर काढलेला. तो कुंपणावर कोपरं टेकून हे पाहत असे. दोन पावलं पुढे, तीन मागे. शेवटी त्याने विचारलं, "हा काही धार्मिक विधी आहे का?" काकांनी त्याला तासभर समजावून सांगितलं. तो तासभर ऐकत उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "छान. बसलास की सांग." तेव्हापासून दर आठवड्याला तो कुंपणावरून फक्त भुवया उंचावतो.

पहिला स्पर्श हाताने करायचा नाही, लांब बांबूने करायचा. ही इथली जुनी पद्धत. बांबू खांद्याला लावायचा, चोळायचा, घोडा पळाला तर बांबूनेच त्याच्याबरोबर पळायचं, थांबला की काढून घ्यायचा. हळूहळू बांबू आखूड धरत धरत एक दिवस हात पोचतो. चांगला हलका, सरळ, दहा फुटी बांबू घरात एकच होता. गुढीचा. काकू म्हणाल्या, "चैत्रात तो मला धुऊन परत पाहिजे." काकांनी त्याच्या टोकाला मोजा बांधला, आणि जो बांबू वर्षातून एकदा आभाळाकडे बघायचा तो गुंड्याच्या खांद्यावरून फिरू लागला. त्याला ते आवडलं. मान लांबवून, वरचा ओठ वाकडा करून तो असा काही उभा राहिला की काका गहिवरले. मग चार दिवसांनी काका उजव्या बाजूने गेले, तर गुंड्या जणू त्यांना जन्मात पाहिलं नसल्यासारखा उधळला. डाव्या डोळ्याशी झालेली ओळख उजव्या डोळ्याच्या कामी येईलच, असं नसतं. सगळं पहिल्यापासून. काका वैतागतील असं मला वाटलं. पण ते हात चोळत म्हणाले, "म्हणजे काम दुप्पट आहे!"

गळ्यात सरकारी नंबराचा बिल्ला दोरीला बांधलेला असतो. तो ज्या दिवशी हाताने सोडवता येतो तो दिवस मस्टँगवाल्यांच्या घरात मुंजीसारखा साजरा होतो. काकांकडे श्रीखंड होतं. बिल्ला सोडला काकूंनी. त्या गाजर द्यायला गेल्या होत्या, दोरी आयाळीत अडकलेली दिसली, त्यांनी काढून टाकली आणि बिल्ला एप्रनच्या खिशात घालून घरात आल्या. काकांनी त्यांना शांतपणे बसवून विचारलं की कोणती पद्धत वापरली. काकू म्हणाल्या, "गाठ सोडायची."

पद्धतींचा विषय निघाला की काका रंगतात. घोडेगुरूंचेही संप्रदाय असतात आणि शिष्य एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. सगळ्यांचे आद्य गुरू झेनोफन, ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकातले ग्रीक. घोड्याशी रागाने वागू नये, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. मग ओहायोचे जॉन रेरी. त्यांनी १८५८ साली इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे प्रयोग केले आणि क्रूझर नावाच्या नामांकित खुनशी घोड्याला माणसाळवलं. पण ते घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने बांधत, म्हणून काका त्यांना अर्धाच नमस्कार करतात. मग टॉम डोरन्स, त्यांचे शिष्य रे हंट, त्यांच्या परंपरेतले बक ब्रॅनमन. आणि वेगळ्या आखाड्याचे माँटी रॉबर्ट्स. १९८९ मध्ये त्यांना एलिझाबेथ राणीने बोलावून घेतलं. ते गोल कुंपणात घोड्याला पळवत ठेवतात आणि तो जबडा हलवून, जीभ फिरवून, मान खाली घालून 'पुरे' म्हणाला की पाठ फिरवतात. घोडा मागे येतो. दुसऱ्या आखाड्यातले म्हणतात, मागे येतो तो प्रेमाने नाही, दमून. काका दोन्ही बाजू मांडतात. "माझं स्वतःचं मत अजून बनतंय," म्हणतात.

गोल कुंपणाला काका 'रिंगण' म्हणतात. रिंगणात गुंड्या आता पाहत राहावा इतका शिकलाय. काकांनी खांदा वळवला की तो वळतो, श्वास सोडला की थांबतो, बोट दाखवलं की मागचा भाग बाजूला घेतो. निळी ताडपत्री त्याने ओलांडली. काठीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी त्याच्या कानांभोवती फडफडली तरी त्याने गवताचा घास सोडला नाही. काकांनी त्याला छत्री दाखवली, शंख ऐकवला, कुकरच्या तीन शिट्ट्या रेकॉर्ड करून ऐकवल्या आणि शेवटी गॅरेजमधून ढोलताशा सुरू केला. त्याने डावा कान हलवला. रांचवाला मात्र घरातून बंदूक घेऊन बाहेर आला होता.

ही विद्या माणसांवरही चालते, हा काकांचा पुढचा शोध. देणगी मागताना ते माणसाकडे समोरून जात नाहीत. तिरके येतात, खांदे पाडून, जमिनीकडे बघत. माणसाने बटाटेवड्याची प्लेट घट्ट धरली की काका दोन पावलं मागे. प्लेट सैल झाली की पुन्हा पुढे. माझ्याकडून त्यांनी सभागृहाच्या भाड्याचे पैसे असेच काढले; चेक फाडून झाल्यावर मी नकळत ओठांवरून जीभ फिरवली आणि काकांनी समाधानाने वहीत काहीतरी टिपलं. घरात हे चालत नाही. एकदा चहा हवा होता म्हणून ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिरके उभे राहिले आणि मागे फिरले, पुन्हा आले, पुन्हा फिरले. काकू भाजी चिरत म्हणाल्या, "पाठीत उसण भरलीय का?"

एवढं सगळं झाल्यावर बसायला काय हरकत होती, हा प्रश्न मी एकदा विचारलाच. जवळच कार्सन सिटीच्या तुरुंगात असेच जंगली घोडे कैद्यांकडून शिकवून घेतात. ज्यांनी आयुष्यात घोडा पाहिला नव्हता अशी माणसंही सुमारे चार महिन्यांत त्यांना खोगिराला तयार करतात आणि मग त्यांचा जाहीर लिलाव होतो. काका म्हणाले, "त्यांना बाहेर जायची घाई असते." मग त्यांनी मला स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची हकिकत सांगितली. माणसांना सांगितलं, घोडा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. शेवटच्या फेरीला एकजण घोड्यापुढे छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीला माणसाच्या छातीचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही. घोड्यावर बसलेल्यांच्या बाबतीतही तेच. "बघ," काका म्हणाले, "छत्री नव्हतीच. छत्री याच्या डोक्यात होती, आणि ती घोड्याला कळली. आता माझ्या डोक्यात जर..." आणि ते थांबले, घोड्याच्या खुराला काहीतरी लागलंय का ते बघायला वाकले.

छत्री कोणती, ते काकूंनी सांगितलं. अल्बममधला फोटोच काढून दाखवला. माथेरान, नवं लग्न. काका एका अत्यंत मरतुकड्या तट्टावर बसलेत, दोन्ही हातांनी खोगिराची कडी धरलेली, डोळे गच्च मिटलेले. बाजूला घोडेवाला, तोंडात विडी. "पॅनोरमा पॉइंटला जायचं ठरलं होतं," काकू म्हणाल्या. "बाजारपेठेच्या टोकाला उतरले. घोडेवाला म्हणाला, साहेब, जनावराला मनातलं कळतं. तेवढं वाक्य धरून बसलेत." फोटोत काकू दिसत नाहीत, कारण तो घोड्यावर बसून त्यांनीच काढलाय.

गेल्या गुढीपाडव्याला मंडळाने शोभायात्रा ठरवली. पार्कातल्या रस्त्यावर पाव मैल. सेक्रेटरींनी तिरक्या चालीने नव्हे, सरळ येऊन विचारलं, "काका, घोड्यावरून पुढे राहाल का? मावळ्याच्या पोशाखात?" काका घोड्याला आणायला तयार झाले. वर बसण्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि सेक्रेटरींनी ते गृहीत धरलं. ट्रेलरमध्ये चढायचं शिक्षण झालेलंच होतं. गुंड्या एका इशाऱ्यात चढला. फेटा बांधलेले काका, पाठीवर खोगीर, खोगिरावर जरीची शाल, असा घोडा पार्कात उतरला तेव्हा पोरांनी मोबाइल उगारले. सेक्रेटरी चौथऱ्याऐवजी खुर्ची घेऊन आले. "बसा काका." काका म्हणाले, "बघू." "निदान फोटोपुरतं तरी." काका घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभे होते. त्यांचा श्वास वर गेला आणि गुंड्याची मानही वर गेली. मला स्वीडन आठवलं.

तेवढ्यात गर्दीतून एक आजी पुढे आल्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, पंढरपूरकडच्या. त्यांनी सेक्रेटरींना बाजूला सारलं. रिकामं खोगीर, जरीची शाल, पुढे फेटेवाला दोर धरून पायी उभा. त्यांनी वाकून गुंड्याच्या खुराजवळची माती बोटाने उचलली आणि कपाळाला लावली. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, अहो, काका आता बसणारेत..."

"कुठं बसणारेत?" आजी कडाडल्या. "माउलींच्या अश्वावर माणूस बसतंय होय?"

आळंदीच्या पालखीबरोबर दोन अश्व चालतात, बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांनी पाठवलेले. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते. तिच्यावर माउली बसलेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा. रिंगणात तो रिकामा अश्व धावतो आणि त्याच्या टापांची माती घ्यायला माणसं लोटतात. आमच्यातल्या अर्ध्यांना हे विसरायला झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना माहीतच नव्हतं. पण आजींच्या मागे रांग लागली. कॅलिफोर्नियात जन्मलेली पोरं बूट काढून नमस्कार करू लागली. कोणीतरी टाळ आणले. ताशे वाजले, गुंड्याने डावा कान हलवला, आणि काका दोर धरून, छाती काढून, पाव मैल पायी चालले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुलाचं उद्‌घाटन मंत्र्याशिवायच झालं तर इंजिनिअरच्या चेहऱ्यावर असतं तसं होतं.

त्यानंतर 'बसलात का' म्हणून कोणी विचारलं की काका नुसते डोळे मिटून हात जोडतात. विचारणाराच ओशाळतो. रांचवाल्याला त्यांनी वारीची सगळी परंपरा सांगितली. त्याने हॅट मागे सारून गुंड्याच्या रिकाम्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग तो देव त्याच्यावर कधी बसला, आधी की ग्राउंडवर्क झाल्यावर?" काकांच्या मते हा प्रश्न फार खोल आहे.

मागच्या शनिवारी गेलो तर अंगणात दुसऱ्या कुंपणाची आखणी चालू होती. साडेसहा फूट. घोडा कळपातला प्राणी, एकट्याला करमत नाही, काकू म्हणतात रात्री हाक मारतो. म्हणून पालोमिनो व्हॅलीतून एक घोडी येणार. पाच वर्षांची, माणसाचा हात न लागलेली. काकांनी नवी वही घातली होती. पहिल्या पानावर 'बादली' असा मथळा होता.

"काका, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून?" मी म्हटलं.

"दोन्ही बाजूंनी," काका म्हणाले.

काकू ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. "अहो, एकात साडेतीन वर्षं गेली. हिचं होईतो तुम्ही पंचाहत्तरीला याल. मग बसणार कधी?"

काकांनी फीत गुंडाळली, खिशात घातली आणि एखादी आनंदाची बातमी सांगावी तसे म्हणाले, "अगं, पंचाहत्तरीला मला डॉक्टरच परवानगी देणार नाहीत."